लेमन कर्ड आणि माळकरी सासूबाई

अगं, कपडे काढतेस का दोरीवरून? काढ, काढ, ढग आलेत तिकडून. मी कधीची या फळीपाशी उभी आहे, म्हटलं तू बाहेर येशील. नको, आत नाही येत. बागेतल्या चपला आहेत पायात, आणि आत आले की तुझ्या सासूबाई बसवून घेतात, मग बोलणं होत नाही. त्यांच्याबद्दलच बोलायचंय.

काल भेटल्या मला पोस्टाच्या पेटीपाशी. पायात बूट, अंगावर नऊवारी, वरून तुझ्या नवऱ्याचं जाकीट. थांबून म्हणाल्या, "तुमचा लिंबाचा सुधारस मस्त लागते व बाई. पोळीसंगं खाल्ला मी. पण इतका घट्ट कसा काय केला?" मी क्षणभर बघतच राहिले. कुठला सुधारस? मग ट्यूब पेटली. अगं, मी तुला दिलेली लेमन कर्डची बाटली! लोण्याअंड्यातलं लेमन कर्ड! आणि त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ. दरवर्षी आषाढीला पंढरपूर करणारी बाई ती.

बाटली देताना याच कुंपणावरून सांगितलं होतं की नाही तुला, यात अंडी आहेत म्हणून?

हसतेस काय? काय म्हणालीस, तुझ्या नवऱ्यानेच सांगू नको म्हटलं? "केकमध्ये असतंच की, आई खाते." हो का? मग तुझ्या लेकाच्या वाढदिवसाला मी त्यांच्या शेजारीच बसले होते ना. केकचा तुकडा त्यांनी कागदी रुमालात गुंडाळला आणि पिशवीत टाकला. पोराचं मन मोडू नये म्हणून हातात घेतला, बस. तुमच्या घरात हे कुणाच्या लक्षात आलं नाही, माझ्या आलं.

बरं, ते राहू दे जरा. त्यावर येतेच मी. आधी तुझी कृती सांगते, तीनदा विचारलीस.

चार लिंबं घे. इथली, पिवळी, मोठी. मेण न लावलेली बघून घे, तसं लिहिलेलं असतं जाळीवर. बाकीची चकाकतात ना, ती मेणाने. स्पेनहून नाहीतर दक्षिण आफ्रिकेहून यायची, वाटेत वाळू नयेत म्हणून मेण चढवतात. तीच मिळाली तर कढत पाण्यात टाक आणि ब्रशने घासून काढ, कारण साल आपल्याला हवी आहे. सगळा वास सालीत असतो. रसात नुसता आंबटपणा. किसणीच्या बारीक बाजूने पिवळं तेवढं काढायचं, खालचं पांढरं आलं की कडूजहर. तो कीस दोनशे ग्रॅम साखरेत घाल आणि बोटांनी चोळ चांगला. सालीतलं तेल साखर पिऊन घेते. साखर ओलसर होते, पिवळी पडते, आणि तुझ्या हाताला रात्रीपर्यंत वास राहतो. मला तर पुढचं काही न करता तेवढंच करत बसावंसं वाटतं.

मग तीन अख्खी अंडी आणि एक जास्तीचा बलक. काट्याने मोडायची, फेस काढायचा नाही. त्यात ती साखर, चारही लिंबांचा रस आणि शंभर ग्रॅम बिनमिठाचं लोणी, तुकडे करून. झालं सामान. याला काहीही वेगळं लागत नाही, सगळा खेळ हातांचा आणि विस्तवाचा आहे.

हो, भांडं काचेचं घे. नाहीतर स्टीलचं. तुझ्या आईने दिलेलं ते पितळी पातेलं बाहेर काढशील फोटोसाठी, माहीत आहे मला. त्याला कल्हई कुठे आहे? कल्हईवाला इथे कुठून आणणार तू? बिनकल्हईच्या पितळेत ताक कळकतं हे तुझ्या सासूबाईंना विचार. इथे तर नुसता लिंबाचा रस. ॲल्युमिनियमही नको, धातूची चव उतरते आणि रंग बिघडतो तो वेगळाच.

खाली पातेल्यात दोन बोटं पाणी ठेव. वर वाडगा असा बसव की बूड पाण्याला टेकणार नाही. पाणी खळखळ उकळायचं नाही, नुसतं वाफाळत राहायला हवं. आणि ढवळायचं. लाकडी चमच्याने, कडेकडेने, बुडापासून, न थांबता. पाव तास लागतो, कधी वीस मिनिटं. तेवढा वेळ फोन दुसऱ्या खोलीत ठेव. तुझ्या नणंदेचा फोन आला तर वाजू दे, ती पुन्हा करतेच.

का एवढं, म्हणतेस? अगं, जॅमला फळातलं पेक्टिन असतं, तो खळखळ उकळला तरी चालतो. इथे घट्टपणा सगळा अंड्याचा. नुसतं अंडं घेतलंस तर पांढरं साठ-बासष्ट अंशांपासून बसायला लागतं, बलक पासष्ट ते सत्तरला. साखर पडली की ते जरा वर सरकतं. म्हणून कर्ड पंच्याहत्तर-ऐंशीच्या आसपास दाटतं. पंच्याऐंशीच्या पुढे गेलीस तर लिंबाची भुर्जी. थर्मामीटर आहे माझ्याकडे, जावयाने दिलेला, नेऊन वापर. पण खरं म्हणजे लागत नाही. चमचा उलटा करायचा, पाठीवर लेप बसला असेल, त्यातून बोट ओढायचं. रेघ तशीच राहिली की उतरव. तेव्हा ते पातळच दिसतं, घाबरून आणखी शिजवू नकोस. गार झालं की लोणी गोठतं आणि आपोआप दाटतं. आणि कडेला गुठळ्या दिसायला लागल्याच तर लगेच वाडगा उचलून गार पाण्याच्या भांड्यात ठेव, जोरात फेट आणि गाळून घे. गाळायचं तसंही असतंच. पांढऱ्याचे धागे राहतात ना, ते तोंडात आले की मजा गेली.

आणखी एक पद्धत आहे, धागे मुळात होऊच नयेत अशी. माझ्या पलीकडच्या घरातली म्हातारी तशी करायची. तू नाही पाहिलंस तिला, तू यायच्या आधीच गेली. लोणी आणि साखर आधी फेसायची, केकला फेसतो तशी. मग एकेक अंडं. रस सगळ्यात शेवटी. रस पडला की सगळं फाटल्यासारखं दिसतं, बघवत नाही. पण मंद आचेवर चढवलं की लोणी वितळतं आणि एकजीव होतं, अगदी रेशमी. लोण्याने अंडं वेढलेलं असतं, त्यामुळे रस आणि आच त्याच्या अंगावर एकदम येत नाहीत. ही पद्धत मला जास्त भरवशाची वाटते. तिच्या घरात आता ते नवीन आलेत ना, त्यांनी तिचं प्लमचं झाड तोडून फरशी घातली. फरशी! त्यावर दोन खुर्च्या, आणि त्यावर पाऊस. असो.

ती म्हातारी युद्धात शाळेत होती. तिने मला एकदा हिशेब सांगितला, तो मी विसरत नाही. जानेवारी १९४० मध्ये इथे रेशन सुरू झालं. पुढे कमी होत होत लोणी माणशी आठवड्याला दोन औंस, म्हणजे आपले सत्तावन्न ग्रॅमच्या आत. साखर आठ औंस, सव्वादोनशे ग्रॅम. अंडं आठवड्याला एक, तेही मिळालं तर. आता ही आपली कृती घे. चार अंडी म्हणजे चार माणसांची, लोणी दोन माणसांचं, साखर एकाची. चौघांच्या घरात एक बाटली कर्ड केलं तर आठवडाभर कुणाच्या वाट्याला अंडं नाही. आणि एवढं करून लिंबू कुठे होतं? बोटी येत नव्हत्या, लिंबं बाजारातून नाहीशीच झाली. युद्ध संपलं तरी हे संपलं नाही. साखर मोकळी झाली सप्टेंबर १९५३ मध्ये, लोणी मे १९५४ मध्ये. त्या उन्हाळ्यात तिच्या आईने कर्ड केलं आणि घरात कुणी कुणाशी बोलेना, प्रत्येकाच्या तोंडात चमचा.

त्या काळातही इथल्या बायका गप्प बसल्या नव्हत्या. ते विमेन्स इन्स्टिट्यूट आहे ना, चर्चच्या हॉलमध्ये भरतं ते? १९१५ साली वेल्समधल्या अँगलसी बेटावर या देशातलं पहिलं निघालं. कल्पना कॅनडाची, तिकडे १८९७ पासून होतं. युद्धात सरकारने त्यांना साखर दिली आणि या बायकांनी गावोगावचं वाया जाणारं फळ गोळा करून १९४० ते १९४५ मध्ये पाच हजार टनांहून जास्त फळ टिकवून ठेवलं. जॅम, डबाबंद फळं, असं सगळं. कर्ड नव्हे, त्याला लोणी कुठून आणणार? आता मात्र गावच्या उन्हाळी प्रदर्शनात लेमन कर्डचा वेगळा वर्ग असतो. परीक्षकबाई बाटली उजेडाकडे धरून बुडबुडे शोधतात. आपल्याकडे हळदीकुंकवाला दुसरीच्या घरचे लाडू फोडून बघतात, त्यातलाच प्रकार. यंदा तूही ठेव एक बाटली. नाव लिहायचं नसतं वर, घाबरू नकोस.

आणि अंडी कोणती घ्यायची, हे राहिलंच. कवचावर तांबडा सिंह छापलेली घे. त्यामागे मोठं रामायण आहे. मी नवीन होते इथे, लग्न होऊन आलेली. १९८८ च्या डिसेंबरात आरोग्य खात्याच्या उपमंत्री होत्या एडविना करी, त्या टीव्हीवर म्हणाल्या की या देशातलं बहुतेक अंडी उत्पादन साल्मोनेलाने बाधित आहे. झालं! लोकांनी अंडी घेणंच सोडलं. शेतकरी खवळले. पंधरवड्यात बाईंना राजीनामा द्यावा लागला. आडनाव करी आणि प्रकरण अंड्याचं! आमच्या मराठी मंडळींना महिनाभर दुसरा विनोद नव्हता. मग १९९८ पासून हा सिंहाचा शिक्का आला, कोंबड्यांना लस द्यायला लागले. आणि २०१७ मध्ये इथल्या अन्नसुरक्षा खात्याने सांगितलं की सिंहाची अंडी अर्धीकच्ची असली तरी गरोदर बायकांनी, लहान मुलांनी, म्हाताऱ्यांनी खायला हरकत नाही. कर्डमध्ये अंडं पूर्ण उकळत नाही, म्हणून सांगते, शिक्का बघून घे. त्याच करीबाईंनी पुढे २००२ मध्ये डायऱ्या छापल्या आणि जॉन मेजरबरोबरचं जुनं प्रकरण बाहेर काढलं. हो, तोच, पंतप्रधान झालेला! ते सविस्तर सांगेन कधीतरी, तुझी मुलं बागेत नसताना.

बाटल्या लहान घे. गरम पाण्याने धुऊन ओव्हनमध्ये दहा मिनिटं तापव, कर्ड गरम असतानाच भर, वर मेणकागदाची चकती बसव. आणि फ्रीजमध्ये. दोन आठवडे, त्यापुढे नाही. बाहेर ठेवायचं तर अजिबात नाही. फ्रीझरमध्ये मात्र चांगलं राहतं.

दुकानात स्वस्तात मिळतं, मग कशाला एवढं करायचं, असं तुझा नवरा म्हणेल. त्याला म्हणावं, त्या स्वस्त बाटलीची मागची बाजू वाच. आधी ग्लुकोज सिरप, मग कॉर्नफ्लोअर, मग पामतेल, लिंबू आणि अंडं कुठेतरी खाली चेंगरलेलं. म्हणून तर ती महिनोन् महिने टिकते. मुरांबा आपण वर्षाचा घालतो, लोणचं तर दोन वर्षांचंही निघतं. ती साठवणीची वस्तू. हे साठवणीचं नव्हेच. केलं की चार दिवसांत वाटून टाकायचं, इकडच्या कुंपणावरून एक बाटली, तिकडच्या कुंपणावरून एक. या गल्लीत माझ्या ज्या काही ओळखी आहेत त्या निम्म्या या बाटल्यांनी करून दिल्या. गोरी माणसं नुसतं हाय म्हणून आत जातात, पण बाटली परत द्यायला यावंच लागतं, आणि आलं की दहा मिनिटं थांबावं लागतं.

लिंबाचंच करावं असंही नाही. जानेवारीत सेव्हिलची कडू संत्री येतात, सगळे मार्मालेडच्या मागे लागतात, पण त्यांचं कर्ड म्हणजे काय सांगू! मोठ्या माणसांचं आहे ते, मुलांना नाही आवडत. हिरव्या लाइमचं केलंस तर ते हिरवं होत नाही, फिकट पिवळंच होतं, रंग घालायच्या भानगडीत पडू नकोस. साध्या गोड संत्र्याचं करायचं तर त्याच्या रसात दम नसतो. आधी रस आटवून निम्मा करायचा आणि त्यात एका लिंबाचा रस घालायचा, नाहीतर नुसता गोड लगदा. सासूबाईंना सांग हे, त्यांच्या अमरावतीकडचा विषय आहे. वरूडच्या संत्र्यांवर त्या मला पोस्टाच्या पेटीपाशी पंधरा मिनिटं बोलल्या काल, आंबिया बहार, मृग बहार, सगळं. आणि आपली कागदी लिंबंही चालतात बरं का. लहान असतात, म्हणून सहा-सात लागतील, आणि साल पातळ आहे, जपून किसायची. इथल्या लिंबापेक्षा झणझणीत होतं.

मायक्रोवेव्ह? करतात, होतं. एकेक मिनिट फिरवायचं, बाहेर काढून फेटायचं, पुन्हा. पाच-सहा मिनिटांत होतं. पण मधे एकदा जरी दहा सेकंद जास्त झाली की संपलं. मला नाही पटत. पाव तास उभं राहून ढवळणं जमत नसेल तर सरळ जॅम कर.

आता सासूबाई.

त्या खाऊन बसल्या, ते आता बाहेर येणार नाही. पण बाटली अजून अर्धी शिल्लक असेल तुझ्याकडे, आणि तू उद्याही ती त्यांच्यासमोर ठेवणार, हे मला चालत नाही. अगं, अंडं काही विष नाही. माझ्या घरात रोज फुटतं. पण ज्यांनी माळ घातली त्यांनी ती स्वतः ठरवून घातली. त्यांच्या तोंडात काय जावं हे तुम्ही दोघांनी लपूनछपून ठरवायचं नाही. "त्यांना कळणार नाही" हे काही कारण नाही. कळणार नाही म्हणूनच तर वाईट.

आणि त्यांच्या तोंडाला ती चव लागली आहे, तर बिनअंड्याचं करून दे ना! फार सोपं आहे. कस्टर्ड पावडरीचा तो जुना डबा आहे ना, बर्ड्सचा? तो जन्मालाच आला बिनअंड्याच्या कस्टर्डसाठी. बर्मिंगहॅममध्ये आल्फ्रेड बर्ड नावाचा औषधवाला होता, त्याच्या बायकोला अंडं सोसत नव्हतं आणि कस्टर्ड तर आवडायचं. म्हणून त्याने १८३७ मध्ये कॉर्नफ्लोअरचं कस्टर्ड काढलं. बायकोला फसवून अंड्याचं घातलं नाही त्याने, हे ध्यानात घे! आपल्या आयांनी फ्रूट सॅलडला वर्षानुवर्षं वापरली ती पावडर याच घराण्यातली.

कृती ऐक. वाटीभर पाण्यात तीन मोठे चमचे कस्टर्ड पावडर गुठळी न होऊ देता कालव. दोनशे ग्रॅम साखर, सालीचा कीस घाल आणि सरळ गॅसवर ठेव. इथे अंड्याच्या उलट कारभार. उकळी यायलाच हवी, चांगली बुडबुड व्हायला हवी, नाहीतर कच्चं पीठ लागतं जिभेला. खळ दाट झाली, चकाकायला लागली की मग लिंबाचा रस घाल. आधी नाही. आंबट घालून फार उकळलं की खळ सैल पडते. शेवटी साठ-सत्तर ग्रॅम लोणी. वेलची घालायची असेल तर घाल त्यांच्यासाठी, त्यांना सुधारसाचा भास पुरा होईल. खरं सांगू? मूळ कर्डची चव नाही येत. ती मऊसूत, जिभेवर विरघळणारी गोष्ट अंड्याचीच. पण पोळीबरोबर, ब्रेडवर छान लागतं. टार्टमध्ये भरलंस तर कुणाला फरकही कळणार नाही. आणि त्यांना हे डोळे मिटून खाता येईल.

कसं सांगू म्हणतेस? सरळ. नवऱ्याला पुढे करू नकोस, तो "अगं आई, त्यात काय" म्हणून हसण्यावारी नेईल आणि जास्त दुखवेल. तू सांग. चहाच्या आधी, त्या हरिपाठ संपवून उठतात तेव्हा. म्हणावं, आई, ते अंड्याचं होतं, मी आधी सांगायला हवं होतं. रागावतील. दोन दिवस बोलणार नाहीत कदाचित. एखादा उपास जास्तीचा धरतील, अध्याय वाचतील. पण त्या बाईला मी काल पंधरा मिनिटांत ओळखलं, तिच्या मनात राहायचं नाही. लपवलंत आणि मग कळलं, तर मात्र तुमच्या घरचं पाणीही पिताना विचार करतील, आणि अजून चार महिने आहे त्यांचा व्हिसा.

शिंतोडे पडायला लागले बघ. जा, चादर आत घे. पण एक ऐकून जा. उद्या सकाळी अकराला त्या माझ्याकडे यायच्यात. वही घेऊन. अमरावतीला गेल्यावर लेकीला, जावेला, सगळ्यांना करून घालायचाय म्हणे त्यांना हा सुधारस, म्हणून कृती उतरवून घेणार आहेत. मी त्यांना चार अंडी सांगू की चार लिंबं, ते तू आज रात्री ठरव. मी खोटं लिहून देणार नाही.